खेकड्याची खुंटी

आमच्याकडे शाळा एका दिवशी सुरू होत नाही सगळ्यांची.
ज्याला ज्या दिवशी पाच पूर्ण होतील
त्यानं त्या दिवशी जायचं. एकट्यानं.
फिलेमोनीचा दिवस ऑगस्टातला, बुधवार,
ओमारूच्या गवतावर दंव असतं तेव्हाचा.

बालवाडीत त्याची खुंटी खेकड्याची.
तीन वर्षांचा होता, त्यानंच निवडली,
मासा नको म्हणाला, मासा सगळ्यांकडे असतो.
मोठ्या शाळेत चित्रं नसतात खुंट्यांवर,
नावं असतात,
आणि त्याचं नाव त्याला अजून
फक्त ऐकू येतं.

आठवडाभर आधी बघायला गेलो तिघं,
तो, त्याची आई लोसा, मी.
लोसा मांसाच्या कारखान्यातून थेट आलेली,
रात्रपाळीच्या गार पाण्यानं बोटं लाल.
नव्या बाईंनी वाचन सांगितलं, गणवेश, बूट,
मग म्हणाल्या, काही विचारायचंय?
लोसानं फरशीकडे पाहिलं बराच वेळ.
"याचा डबा कोण उघडणार?"
बाई हसल्या. मला हसू आलं नाही.
बावीस वर्षं मी हे काम करते,
प्रश्न नेहमी डब्याचाच असतो.

मग आठवडाभर आम्ही झाकणंच उघडली.
गुडघ्यात धरून, दात लावून,
"दात नको रे," "मग उघडत नाही."
गाणी राहिली. वाळू राहिली.
मंगळवारी चारला झाकण टक्कन उडालं
आणि द्राक्षं कपाटाखाली गेली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी खुंटीची पट्टी उतरवली,
किटलीच्या वाफेवर धरून खेकडा सोडवला.
एक नांगी फाटली.
उरलेला, डब्याच्या झाकणाला,
आतून.

बुधवारी तो गेला.
मागून नुसतं दप्तर दिसत होतं, खाली पाय.
लोसा फाटकाशी उभी.
आत यायचं असतं की नाही
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

तीनला दहा कमी असताना
ती सवयीनं आमच्याच दारात.
हात कोटासाठी गेला खुंटीकडे,
तिथं नवी पट्टी, कोरी, कुणाचीच नाही.
माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.
आणि दोघी पळत सुटलो उतारावरून,
ती पुढे, कारखान्याच्या पांढऱ्या गमबुटांत,
मी मागे,
अंगावर रंगाचा एप्रन तसाच.