सहा घरं

फोन आला तेव्हा भिंतीवर म्यानं टांगत होतो:
डाव्या हाताची, उजव्या हाताची, घोट्याला बांधायची,
आणि एक नवं, सीटच्या बगलेला चिकटणारं, चुंबकाचं,
ज्याला यंदा बरी मागणी आहे.
पलीकडून व्हर्ना. मर्लची व्हर्ना.
"एल्वुड, मी पुलाच्या अलीकडे उभी आहे, पेट्रोल पंपावर.
चष्मा पुसायला काही मिळतंय का म्हणून
याच्या गाडीचा कप्पा उघडला,
तर आत हे."

पूल ओलांडला नाहीस ना? नाही म्हणाली.
मग कॉफी घे आधी, म्हटलं. डेलावेअर कुठे पळून जात नाही.
नदी एकच, धुकं दोन्ही काठांना सारखंच वाटलेलं,
पण अलीकडे परवाना लागतो, तो मर्लच्या नावाचा होता
आणि त्याच्याबरोबरच गेला,
पलीकडे तर विचारूच नकोस.
मी वकील नाही. तीस वर्षं गल्ल्यामागे उभं राहून
जेवढं कळलं तेवढं सांगतो:
काडतुसं वेगळी, पिस्तूल वेगळं,
पिस्तूल कुलपात, कुलूप डिकीत.

"पिकअपला डिकी कुठली, एल्वुड?"

खरंच की.

मग आम्ही दोघांनी शोधलं,
ती तिथे वाकून, मी इथे डोळे मिटून.
मागच्या हौद्यात मर्लचा मासेमारीचा डबा,
डब्याला कडी, कडीला कुलूप,
किल्ली जुडग्यातली सगळ्यात लहान.
गळ, शिशाचे गोळे, वाळून दोरा झालेलं एक गांडूळ,
तिने सगळं रुमालात बांधलं. टाकलं काहीच नाही.

आता अंगठ्याने खटका पुढे ढकल. चक्री डावीकडे पडेल.
"पडली."
नळी आभाळाकडे. दांडी दाब.
फोनमधून ऐकू आलं, तळहातावर पितळ,
सुट्टे पैसे मोजल्यासारखं.
"पाच," ती म्हणाली.
मागून एक लांबलचक ट्रक गेला, मग दुसरा.
"घरं सहा आहेत."

"जुनी माणसं," मी म्हटलं,
"घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात.
गाडी आदळली, घोड्याला धक्का बसला,
तर खाली काही नको. रीत आहे तशी."
"मर्ल जुनाच होता."
"जुनाच."

रीत आहे, खोटं नाही.
पण ती आजोबांच्या काळातल्या पिस्तुलांची.
हे मीच विकलं त्याला, मागच्या फेब्रुवारीत,
याच काचेवर उघडून दाखवलं
की आत एक पट्टी असते, चाप ओढल्याशिवाय
घोडा पोचतच नाही, सहाही भर खुशाल.
भरीन म्हणाला.
म्यान दाखवलं, नको म्हणाला. गाडीतच राहील.
कशाला, ते मी विचारलं नाही.
फॉर्मवर तसा रकाना नाही.

नोव्हेंबरात गेला तो, छातीने,
दवाखान्यात, चार माणसांदेखत.
म्हणजे सहावी त्याआधीच कधीतरी.
आणि रिकामी पुंगळी वेचून काढली होती त्याने,
जागा मात्र भरली नव्हती.
व्हर्ना, गाडीच्या छताला कुठे भोक आहे का गं,
हे जिभेवर आलं होतं.
म्हटलं, कुलूप ओढून बघ एकदा.

"जाऊ आता? मुलगा गाडीची वाट बघतोय."
जा. नाहीतर वळ.
जाताना टोल नसतो, परतताना लागतो.

साडेचारला दुकानासमोर तीच पिकअप.
मी डबा उतरवायला गेलो,
दार उघडं होतं, दिवा लागलेला,
मी वर बघितलं नाही.

तिने डबा काचेवर सरकवला, बाजूला रुमालाची पुरचुंडी.
"लवकर रिकामा करून दे," म्हणाली,
"गळ परत ठेवायचेत."