कटकट

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर
किचनच्या सोळा दारांना बिजागऱ्या लावायच्या होत्या
आणि दुपारपर्यंत मी चार भोकं वाया घालवली.
स्क्रू फिरत होता, फिरतच होता,
बोर्डाचा भुसा पिठासारखा सांडत होता.
मला वाटलं, ताकद कमी पडतेय.
आणखी रेटलं.

दस्तगीर मिस्त्री जेवणावरून उठले नाहीत.
भाकरी मोडत म्हणाले, "रिंग कुठाय तुझी?"
मी बोटाकडं पाहिलं.
"ती न्हवं, लेका. मशीनच्या गळ्यातली."

ती ड्रिलच्या चित्रावर होती.
म्हणजे मशीनला थांबणं ठाऊकच नव्हतं.

आयटीआयच्या वहीत मी टॉर्क लिहिलाय:
बल गुणिले अंतर, खाली दोन रेघा.
मिस्त्री त्याला पीळ म्हणतात.
"पीळ सुंभाला असतो, मिशीला असतो,
माझ्या थोरल्या भावाला तर लई.
सोडायचा कुठं, ते हे आकडे सांगत्यात."

हात धुऊन आले. रिंग तीनवर.
टाकाऊ तुकड्यात स्क्रू अर्धा गेला
आणि मशीन कटकट करू लागली.
पाच. थोडा आत. पुन्हा कटकट.
सहाला डोकं फळीशी सपाट बसलं.
कट्, कट्.
"बिघडली?"
"बास म्हणतीया."

सागाला अकरा.
बाभळीला आधी बारीक भोक, मग आकडा विचार.
गावभागातल्या, पुराचं पाणी प्यालेल्या चौकटींना
आकडाच नाही. तिथं पेचकस, आणि तोही हळू.

माझ्या चार भोकांत त्यांनी
गुल खुडलेल्या काडेपेटीच्या काड्या
फेविकॉलात बुडवून ठोकल्या, ब्लेडनं छाटल्या.
"मालकिणीला दिसायचं न्हाई," म्हणाले,
"तुला दिसंल."

उरलेली दारं मी कानानं बसवली.

रात्री कुपवाडच्या खोलीवर नळ गळत होता.
या महिन्यातला तिसरा वॉशर.
नेहमीसारखा दात आवळून पिळायला गेलो
आणि मध्येच थांबलो, ऐकत.
पितळ काही बोललं नाही.
अंदाजानं हात काढला.

एक थेंब पडला.
मग बराच वेळ
दुसरा नाही.