ध्वनिमुद्रणाविषयी दोन ओळी

चौसष्ट साली, की पासष्ट,
कॅम्पातल्या टॉकीजला लागला होता तो.
माझा पास फुकटचा,
मागच्या रांगेत तोफखान्यातली पोरं
दर स्फोटाला शिट्ट्या घालत होती.
सहा माणसं, अकरा खेचरं,
ब्रह्मदेशातलं जंगल, पलीकडे शत्रूचा दारूसाठा.
कोण मरणार ते पोस्टरवरच्या नावांच्या
लहानमोठ्या टायपावरूनच कळायचं.

रात्री सायकल हाणत छापखाना गाठला.
सव्वीस वर्षांचा होतो,
आणि पुण्यात सव्विसाव्या वर्षी
माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं.
उभ्या उभ्या लिहिलं :
नायक तीन दिवस चिखल तुडवतो, भांग मोडत नाही.
शत्रूचा नेम फक्त दुय्यम नटांवर चांगला आहे.
जुळारी म्हणाला, साहेब, कॉलम दोन ओळी उणा पडतोय.
म्हणून लिहिलं :
नदी ओलांडताना खेचरं तोंड उघडतात, आवाज येत नाही.
ध्वनिमुद्रक बहुधा चहाला गेला असावा.

त्या दोन ओळी गाजल्या.
टिळक रोडवर अनोळखी माणसं
मला त्या म्हणून दाखवत,
आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे.

दहाव्या दिवशी पोस्टकार्ड.
जांभळी शाई, शाळेत गिरवलेलं अक्षर.

*सा. न. वि. वि.
मी ब्रह्मदेशी खेचरांवर होतो.
आवाज नाही असे आपण लिहिता, ते बरोबर आहे.
जंगलात ओरडून ठिकाण कळू नये म्हणून
निघण्याआधी डॉक्टरने सर्वांच्या गळ्यातून आवाज काढला.
डोके मी धरले होते.
माझी सगुणा त्यानंतरही रोज दाणा बघून तोंड उघडी.
बाकी सिनेमा खोटा आहे, आपले म्हणणे योग्य.
कळावे.
हैबती शेलार, घोरपडी.*

संपादक दातार म्हणाले, खुलाशाला जागा नाही.
आणि हसून झालेलं हसू
लोकांच्या तोंडातून परत कसं काढणार?

एकदा निघालो होतो घोरपडीला.
रेल्वेचं फाटक बंद.
मालगाडी जाता जाईना.
डबे मोजले, बावन्न,
आणि फाटक उघडल्यावर
सायकल परत वळवली.
एवढंच. यात आणखी काही नाही.

गेल्या डिसेंबरात लॉ कॉलेज रोडला
तोच सिनेमा, धुऊनपुसून नवा केलेला.
केतकी मोघे बोलली, फार तयारीनं बोलली :
नदीच्या प्रसंगातलं ते मौन म्हणजे
युद्धाविरुद्धचं रूपक,
दिग्दर्शकाची प्रतिभा इथे शिखर गाठते.
मग पडद्यावर माझा कॉलम, पिवळा पडलेला.
ध्वनिमुद्रक चहाला, आणि सभागृह हसलं,
या वेळी माझ्यावर.
त्या काळच्या मराठी समीक्षेला हे दिसलं नाही, ती म्हणाली.
खरंच होतं ते.
तिलाही दिसलं नव्हतं.

दिग्दर्शकाला ठाऊक होतं का?
की खरोखरच कुणीतरी चहाला गेलं होतं?
विचारायला माणूस उरला नाही.

दिवे गेले.
या खेपेला मी खेचरं मोजली.
पाण्यात उतरली अकरा,
काठाला लागली दहा,
आणि सहा माणसांपैकी एकानंही वळून पाहिलं नाही.
साठ वर्षांपूर्वी मी नायकाचा भांग बघत होतो.

शेवटी ध्वनिवर्धक माझ्यापुढे आणला.
काका, दोन शब्द.
खिशात कार्ड होतं, चष्मा घरी.
पण पाठच होतं की मला.
सगुणा, एवढ्यापासून सुरुवात करायची ठरवलं,
आणि तोंड उघडलं.

मागून कुणीतरी म्हणालं,
काका, आवाज येत नाहीये.