शिंगाडे सोलताना विचारलेले शब्द

वही माझीच आहे, दोन वर्षांपूर्वीची.
पहिली पानं उंदराने नेली,
म्हणून आमच्या घरात इंग्रजी 'बी'पासून सुरू होते.
बिगिन?
"स्टार्ट," टिकेश म्हणतो,
गरम शिंगाडा या तळव्यातून त्या तळव्यात उडवत.

ब्रेव्ह? "बोल्ड."
ब्रॉड? "वाइड."
आई चुलीवरचा गंज उतरवते.
वाफेत ती दिसेनाशी होते,
मग आधी तिचे हात परत येतात, मागून ती.
उद्या साकोलीचा बाजार.
झोपायच्या आधी तीन टोपल्या उकडायच्या आहेत
आणि निदान 'एल'पर्यंत जायचं आहे.

क्लोज? "शट."
खालच्या ओळीत पुन्हा क्लोज. "निअर."
तो थांबतो. दातात टरफल तसंच.
"बाई, म्हंजे शट आन निअर बी एकच?
दार बंद हाये म्हंजे दार जवळ हाये?"
असं विचारत नाहीत, मी म्हणते.
"आन विचारलं तं?"
तर पुढे जायचं. एका प्रश्नाला एक मिनिट.

त्याला ते पटत नाही. तो आईकडे वळतो.
"माय, तलाव आन बोडी एकच ना?"
"एक कशी होईन रे?
बोडी मालकाची, तलावाचा लिलाव होते.
पानी दोघात बी हाये,
पन शिंगाडा कोनाचा, ते पाहा लागते."
वहीत हा रकाना नाही.

मी परीक्षेला बसले तेव्हा
यातले निम्मे शब्द मला येत नव्हते.
आता सगळे येतात,
झोपेतून उठवून विचारा.
आता वय बसत नाही.
वेटिंगच्या यादीत सातवी होते मी.
आई अजून बाजारात सांगते,
"सातवा नंबर आला होता पोरीचा,"
आणि समोरची बाई एक मूठ जास्त मागायचं विसरते.
मी दुरुस्त करत नाही.
सहा जणींनी नाही म्हटलं असतं तर,
असं मी तेव्हा रोज मोजायचे,
मग शाळा सुरू झाली, आमची, इथलीच,
आणि मोजणं आपोआप सुटलं.

ग्लॅड? "हॅपी."
ह्यूज? "लई मोठा."
इंग्रजीत सांग. "व्हेरी व्हेरी बिग."
एकाच शब्दात. तो वर पत्र्याकडे बघतो,
तिथे लिहिलेलं असल्यासारखा. "एनॉर्मस!"
हा शब्द त्याला आवडतो. तो दोनदा म्हणतो,
दुसऱ्यांदा शिंगाड्याला.

लीव्ह? "गो."
भूतकाळ? "लेफ्ट."
"डावा हात बी लेफ्टच ना बाई?" हो.
"आन गुरुजी वजाबाकीत म्हणतात ते, उरलेलं?"
तेही लेफ्ट.
तो हसायला लागतो, ठसका लागेपर्यंत हसतो.
"गेला तो बी लेफ्ट, रायला तो बी लेफ्ट!
मंग इंग्रजीवाल्याइले समजते कसं?"
वाक्यावरून समजतं.
"मंग वाक्य सांग."

माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं,
त्याच्या नावाने सुरू होणारं.
मी म्हणाले, थ्री बास्केट्स आर लेफ्ट.
तो उठून टोपल्या मोजून आला.
"दोनच हायेत. एक मायनं भरली."

त्याच्या अंगठ्याचा काळा गोल
वहीत 'लेफ्ट'च्या शेजारी उठला आहे,
अर्धा रेघेच्या बाहेर.
पेपरात असा चालत नाही, मी सांगते,
मशीन वाचत नाही.
तो बाहीने पुसायला जातो, मी हात धरते.
पान उलटायचं आहे,
पण गोल अजून ओला आहे,
म्हणून आम्ही थोडं थांबलो आहोत.