रेघेची जाडी

सभागृहात ओल्या लोकरीचा वास.
बाहेर फ्योर्डवर दुपारी तीनलाच अंधार.
स्टाइनव्हर पडद्यापाशी, मी लॅपटॉपवर.
स्लाइड सहा : विमानातून टिपलेलं गाव
आणि डोक्यावर तो डोंगर,
ज्याची भेग दर हिवाळ्यात
बोटाच्या पेराएवढी उसवते.

तिनं पेन उचललं. पांढरी काडी नुसती,
आत शाईचा थेंब नाही, तरी पडद्यावर लाल उमटतं.
आधी भेगेभोवती गोल.
मग बाण, ओढ्याच्या अंगानं खाली, आणखी खाली.
मग पिवळा हायलाइटर :
शाळा, मासळीचं गोदाम, चर्चचं छप्पर,
सगळ्यांना एकदमच कावीळ.
शेवटी ती रेघ, एका दमात, डावीकडून उजवीकडे.
"हिच्या वर राहता येणार नाही."

बेकरीवाली हाल्बेरा उठली.
"वर म्हणजे कुठून?
रेघेच्या वरच्या काठापासून की खालच्या?
माझं घर रेघेत आहे."

मी स्लाइड मोठी केली.
घर मोठं झालं.
रेघही.

स्टाइनव्हरनं मनात हिशेब मांडला, मग ओशाळून म्हणाली,
"पेनाची जाडी... जमिनीवर साधारण चाळीस मीटर."

चाळीस मीटरांत नऊ घरं होती.
रुबार्बचा वाफा, पालथी घातलेली होडी,
पोरांचं उड्या मारायचं जाळं,
कुणाचा तरी कुत्रा पुरलेली जागा.

मी रेघ मागे घेतली, एक बटण दाबून.
क्षणभर डोंगराखाली काहीच नव्हतं
आणि सभागृहानं श्वास सोडला,
जणू दरडच मागे घेतली होती.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात;
ही तर उजेडावरची.

सगळ्यात बारीक टोक निवडून तिनं पुन्हा सुरुवात केली.
या खेपेला हात कापला.
हाल्बेराच्या घरापाशी रेघेला एक बारीक पोक आला.
"हा डोंगराचा नाही," ती म्हणाली, "माझ्या हाताचा आहे."

मग थोर्गिल्स, ऐंशीच्या पुढचा, न विचारता पुढे आला,
थेट उजेडात.
रेघ त्याच्या स्वेटरवर चढली,
खांद्यावरून कानापर्यंत गेली.
त्यानं पेन मागितलं, रंग निळा करून घेतला
आणि लाल रेघेच्या बऱ्याच खाली
एक फुली मारली.
"बर्फ इथं थांबलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो."
नोंद कुठेच नव्हती. स्टाइनव्हरनं वही उघडली,
पण लिहिलं काहीच नाही.

लोक गेले. खुर्च्या एकीत एक बसवून झाल्या.
मी स्लाइड बंद करायला गेलो तर
लॅपटॉप विचारतो :
शाई ठेवायची की टाकून द्यायची?
दोन चौकटी, शेजारीशेजारी, सारख्याच आकाराच्या.

आत हाल्बेरा कप विसळत होती.
दिवा मालवू का, म्हणाली.
म्हटलं, थांबा जरा.