इरबाजी मोजतात

लोह्याच्या बाजारतळावर टुरिंग टॉकीजचा तंबू,
पडद्यावर कुठल्यातरी सरहद्दीची लढाई.
बायांच्या बाजूला लेकरं रडत,
पुरुषांकडं शिट्ट्या.

इरबाजी घोगरे, पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे,
माझ्या शेजारी उकिडवे बसून मोजत होते :
"थ्री-नॉट-थ्रीत दहाच बसतात लेका.
ह्यो तेविसावी झाडूलालाय.
बोल्ट तर मागं ओढलाच न्हाई."

दुश्मनाचा रणगाडा आला.
"आपलाच हाय. रंग ओला हाय अजून."
पुढून कुणीतरी ओरडलं, ए म्हाताऱ्या, गप.

हिरोनं हातबॉम्बची पिन दातानं उपटली
तेव्हा खदखदून हसले,
कवळी काढून दाखवली मला.

मग तो पोरगा पडला, नाव नसलेला,
हिरोच्या मागं दोन पावलं.
नुसती पाण्याची बाटली दिसत होती, खाकी बनातीची,
बूच सुटून दोरीला लोंबत.

इरबाजी पुढं वाकले.
"हे बराबर हाय," म्हणाले. "हे असंच."

तेवढ्यात रीळ तुटलं.
पांढऱ्या पडद्यावर पाकोळ्या, खाली बोंबाबोंब.
त्यांचा उजवा हात मांडीवर
बोल्ट मागं ओढत होता, पुढं ढकलत होता.
मी मोजायला लागलो.
दहाच्या पुढं गेले ते.
मी काही बोललो नाही.