दुसरं कडवं

रविवारी रात्री नियारा टीव्हीवर लाइव्ह गायली
आणि सोमवारी सकाळी अशोक चौकात
गड्डमच्या कँटीनवर कुणाचाच चहा वेळेत संपला नाही.
पाळी भरायला वीस मिनिटं.
कानामागं शनिवारचं कापसाचं पीस तसंच.

भांडण एकाच जागी अडकलेलं : दुसरं कडवं.

"ओठ एकीकडं, आवाज एकीकडं," तौफिक म्हणाला.
आवाजाच्या बाबतीत तौफिकचा शब्द शेवटचा.
त्याचा स्वतःचा साउंड आहे, चार बेस, दोन टॉप,
अर्ध्या पूर्वभागाच्या हळदी त्याच्या वायरीवर लागल्यात.
"कॅसेट होती बे. सरळ कॅसेट."

"कॅसेट तुझ्या आज्याच्या काळात," शिवलीला म्हणाली.
ब्रँचला निघालेली, टोपलीत हजार विड्या,
फोनच्या कव्हरमागं नियाराचा फोटो,
तंबाखूच्या बोटांनी कडेकडेनं पिवळा पडलेला.
"गळा बसला असंल. माणूसच हाय.
माझ्या हजारात पन्नास छाट निघतात,
तिचं एक कडवं निघालं तर काय बिघडलं?"

व्यंकटेश बोमड्याल काहीच बोलेना.
मागच्या महिन्यात त्यानं तिच्यासारखी
एक भुवई मधनं कापून घेतली होती,
बापाचा मार खाल्ला होता,
आता ती भुवई कुठं ठेवावी त्याला कळेना.

मी म्हणालो, लाइव्ह म्हणजे लाइव्हच पाहिजे.
जरा जास्तच जोरात म्हणालो.
खरं तर बारा तास मागांच्या धडधडीत
मी मनातल्या मनात तिचीच गाणी म्हणतो,
एकही सूर मला स्वतःला ऐकू येत नाही,
आणि तिचंच खोटं निघालं
तर माझ्या त्या गाण्याला काय म्हणायचं?

कोपऱ्यात नरसय्यामामा बशीतून चहा पीत होते.
चाळीस वर्षं मागावर. दोन्ही कान मागानं घेतले.
तसे शेडमध्ये सगळेच ओठ वाचतात,
'तार तुटली', 'कांडी दे', 'मालक आला',
पण मामांसारखं कुणी नाही :
तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी,
लांबून दिलेली शिवी कुठल्या भाषेतली तेसुद्धा सांगतात.

शिवलीला त्यांच्या समोर जाऊन बसली,
सावकाश ओठ हलवून विचारलं,
"मामा, काल बघितलं ना? पोरगी गायली का न्हाई?"

मामांनी बशी खाली ठेवली.
"पहिलं गायली."
नेहमीसारखं गरजेपेक्षा मोठ्यानं,
पलीकडचा पंक्चरवाला वळून बघायला लागला.
"दुसऱ्याला तिच्या तोंडात गाणं नव्हतं.
कानाला हात लावून दुसरंच बोलत होती.
हसत हसत. तीनदा."

"काय बोलत होती?"

"ऐकू येत नाही."

तौफिक अजून जवळ सरकला, ओठ मोठे केले :
"मामा, ती काय बोलत होती?"

"तेच सांगायलोय की बे.
ती म्हणत होती, ऐकू येत नाही.
हिंदीत. पण तेच."

थोडा वेळ नुसता स्टोव्हचा आवाज.

मग तौफिक म्हणाला, कानातलं मशीन गेलं असणार,
होतं तसं, मग मागनं पट्टी सोडतात.
"म्हणजे कॅसेटच की."
"म्हणजे तोपर्यंत खरं गात होती की," शिवलीला म्हणाली,
आणि परत पहिल्यापासून सुरू.

मामांनी उरलेला चहा बशीत ओतला.
त्यांच्यापुरता विषय संपला होता.

आठ वाजता माग चालू झाले.
समोरच्या रांगेतून, दीड भुवईचा व्यंकटेश
माझ्याकडं बघून ओठ हलवत होता.
तार तुटली म्हणतोय असं वाटून
मी चारही माग तपासून आलो.
एकही तुटली नव्हती.

परत बघितलं, नीट बघितलं.
दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ होती.
मी चौथी उचलली.